जबलपूरच्या थेट खाली

जबलपूरच्या घमापूर मोहल्ल्यात कोणालाही विचारा, शालिग्राम वैरागडे म्हणजे मूग गिळून बसलेला माणूस. सकाळी सायकलला डबा अडकवून टेलिफोनच्या सरकारी वर्कशॉपात जायचं, संध्याकाळी त्याच सायकलवर परत यायचं, वाटेत कोणी ‘राम राम वैरागडेजी’ म्हटलं तर मान हलवायची आणि वर जाऊन दाराला कडी लावायची. हाच माणूस कडी लावल्यावर ब्राझीलमधल्या एका डॉक्टरशी, जपानमधल्या एका स्टेशनमास्तरशी आणि ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढ्या पाळणाऱ्याशी तास तासभर गप्पा मारतो, हे कोणी सांगितलं असतं तर मोहल्ला पोट धरून हसला असता. पण सांगणार कोण? त्याने स्वतः कधी तोंड उघडलं नाही. आणि त्या न उघडलेल्या तोंडापायी १९८८ सालच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, त्याच्याच खोलीत रक्त सांडलं.

वैरागडे मूळचे वर्धेकडच्या पुलगावचे. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा शालिग्राम सतरा वर्षांचा होता. सगळे सोयरे एका राज्यात गेले, आणि बापाची नोकरी जबलपुरात म्हणून हे बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात राहिलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हीकडे आपण जरा उपरेच, असं वाटण्याचं ते वय. त्या वयात त्याला रेडिओचा नाद लागला. ऐकायचा नव्हे, बोलायचा. फौजेच्या भंगारातून आणलेला एक बोजड सेट त्याने दोन वर्षं खपून दुरुस्त केला, सरकारी परीक्षा दिली, परवाना काढला आणि गच्चीवर तार ताणली. परवाना त्याने कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता, कारण भिंतीवर लावला की येणारा-जाणारा विचारणार.

लपवायला कारण होतं. एकाहत्तरची लढाई जुंपली तेव्हा असे सगळे सेट सरकारजमा करायचा हुकूम निघाला. शालिग्रामने आपला सेट स्वतः हातगाडीवर घालून ठाण्यात नेऊन दिला आणि पावती घेतली. तार मात्र गच्चीवरच राहिली. चौथ्या संध्याकाळी, ब्लॅकआउटमध्ये, वीस-पंचवीस जण वर आले. ‘जासूस है साला’ एवढं एक वाक्य ऐकू आलं, पुढचं त्याला नीट आठवत नाही. सायकलच्या पंपाने मारलं, कमरेच्या पट्ट्याने मारलं, खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. दोन दात गेले. पावती खिशातच होती, ती कोणी वाचली नाही. मारणाऱ्यांत त्याच्याकडून रेडिओ फुकटात दुरुस्त करून नेलेले तिघे होते. लढाई संपल्यावर सेट परत मिळाला, पण तेव्हापासून शालिग्रामने मनाशी गाठ मारली: आपण काय करतो ते मोहल्ल्याला कळता कामा नये. बायको भानुमती तेवढी जाणत होती. ती म्हणायची, “सांगून टाका ना एकदाचं. लपवून राहिलं की लोकं अजून वाईट समजतात.” तिचं बरोबर होतं. पण बरगड्या तिच्या मोडल्या नव्हत्या.

खालच्या खोलीत पंच्याहत्तर साली चिंतामणी राहायला आला. गाडी बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर काम करणारा, वर्धेकडचाच, आवाज असा की वरच्या खोलीत भांडी वाजावीत. बायको लवकर गेली, पोर नाही. संध्याकाळचं जेवण तो भानुमतीकडेच करायचा आणि भाजीला नावं ठेवून दोन पोळ्या जास्त खायचा. शालिग्रामला ‘शाल्या’ म्हणणारा तो जगात एकटा. गच्चीवरचा अँटेनाचा पाइप त्यानेच कारखान्यातल्या दोस्ताकडून जोडून आणला होता. हे कशासाठी, असं त्याने एकदा विचारलं होतं. शालिग्राम म्हणाला, “असाच. शौक.” चिंतामणीने पुन्हा विचारलं नाही. दोस्तीत एवढं तर चालतंच.

मग चिंतामणीने रंगीत टीव्ही घेतला, आणि गंमत संपली. रविवारी सकाळी साडेनऊला देवाधर्माची मालिका लागायची आणि निम्मा मोहल्ला त्याच्या खोलीत, उरलेला खिडकीबाहेर. बायका न्हाऊन-धुऊन यायच्या, टीव्हीला हार घालायच्या, समोर उदबत्ती लावायच्या. आणि शालिग्रामने वर माइकचं बटण दाबलं रे दाबलं की खाली देवाचं मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे, आणि तोंडातून घोगरा, तुटका, बेडकासारखा आवाज. पहिल्या रविवारी चिंतामणी जिन्यातूनच ओरडला होता, “अबे शाल्या, देव खरखर करून राहिला खाली! बंद कर ते डबडं!” तेव्हा करार ठरला. रविवारी साडेनऊ ते सव्वादहा शालिग्राम सेटला हात लावणार नाही. मोहल्ल्याला चिंतामणीने सांगून टाकलं की वैरागडेजींकडे जुनाट मशीन आहे, दुरुस्तीचं. करार वर्षभर पाळला गेला.

त्या हिवाळ्यात शालिग्रामला शर्यतीने पछाडलं. एकेकट्या माणसाने शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारायची, अशी ती शर्यत. निघाले तेव्हा चौदा होते. डिसेंबरपर्यंत पाच माघारी फिरले आणि पुढे खरी झुंज दोघांचीच उरली. पहिला पास्काल, फ्रेंच, मासेमारांच्या घरातला, तापट. त्याच्या मागोमाग ह्यू, न्यूझीलंडमधला शाळामास्तर, थंड डोक्याचा आणि चिवट. दोघांच्याही बोटीत शालिग्रामसारखाच सेट होता. एका सकाळी शालिग्रामने ह्यूला ऐकलं, हाक मारली, आणि तिथून रोजचा रिवाज पडला. ह्यू विचारायचा, “शाली, फ्रेंच माणूस कुठे आहे?” तासाभराने पास्काल विचारायचा, “तो मास्तर कुठवर आला?” शालिग्राम दोघांना खरं ते सांगायचा. त्या दोघांचा आपसात मात्र संपर्क होत नसे. या रेडिओचा स्वभावच तसा: पाऊणशे-शंभर मैलांवरचा आवाज डोक्यावरून निघून जातो, आणि हजारो मैलांवर तोच स्पष्ट ऐकू येतो.

भिंतीवर शाळेतला जगाचा नकाशा होता. त्यात दोन टाचण्या, पास्कालची लाल, ह्यूची निळी. रोज सकाळी शालिग्राम त्या पुढे सरकवायचा. नकाशावर जबलपुरातून सरळ दक्षिणेकडे त्याने पेन्सिलने एक रेघ ओढली होती. ती श्रीलंकेला घासून जाते आणि पुढे बर्फापर्यंत जमीन म्हणून लागत नाही. ही रेघ जो आधी ओलांडेल त्याच्या नावाने घरी शिरा व्हायचा ठरला होता. भानुमती पोळ्या लाटता लाटता विचारायची, “आले का हो तुमचे पाहुणे आपल्या दारासमोर?” आणि हा मुखदुर्बळ माणूस खदखदून हसायचा. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नसेल. भानुमती असं तोंडावर बोलून दाखवायची.

रेघ ओलांडायची ती रविवारची सकाळ. नऊ वाजता त्याने ह्यूला गाठलं. तिकडे दोन दिवसांपासून वादळ होतं. ह्यू म्हणाला की लाटा तिमजली इमारतीएवढ्या आहेत, रात्री दोनदा बोट आडवी पडली आणि त्याचं मनगट सुजलं आहे. भानुमती न्हाऊन खाली मालिका बघायला गेली होती. स्टोव्हवर तिने शालिग्रामच्या आंघोळीचं पाणी ठेवलं होतं. सव्वानऊला शालिग्रामने पास्कालला हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा मारली. तेव्हा खरखरीतून जे आलं ते उत्तर नव्हतं, माणूस केकाटत होता.

पास्कालची बोट मध्यरात्रीनंतर लाटेने उचलून पूर्ण उलटी केली होती. तो छतावर आपटला, मग पुन्हा जमिनीवर. कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलं होतं. डोलकाठी मोडली, पण तारांनी बोटीला अडकून राहिली, आणि प्रत्येक लाटेसरशी तो लोखंडी ओंडका बाहेरून बोटीच्या कुशीवर हाणत होता. शालिग्रामला हेडफोनमधून तो आवाज येत होता. धाड. थोडं थांबून पुन्हा धाड. कूस फुटली होती. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. रबरी तराफा आणि संकटाची खूण पाठवणारं यंत्र दोन्ही लाटेने तोडून नेलं होतं. त्या तारा कापायला जाऊन कुऱ्हाडीने त्याने स्वतःच्याच पोटरीचा लचका काढला होता. बॅटऱ्या टेबलावर बांधल्या होत्या, तिथे पाणी पोचलं की बोलणं बंद. “शाली,” तो म्हणाला, “मी इथे मरणार आहे. कुठे ते तरी कोणाला सांग.”

शालिग्रामने ह्यूला गाठलं. ह्यू सत्तर मैल मागे होता, वारा त्याच्या पाठीशी होता, संध्याकाळपर्यंत पोचता आलं असतं. पण तो म्हणाला, “मला आकडा नेमका हवा. या वाऱ्यात त्याला चुकून पुढे गेलो, तर उलटं फिरून येणं कोणत्याही बोटीला शक्य नाही.”

पास्कालकडे होता तो आकडा पाच तासांपूर्वीचा. उपग्रहावरून जागा दाखवणारं त्याचं यंत्र अजून जिवंत होतं, पण उपग्रह डोक्यावर यायला वीस मिनिटं होती. म्हणजे नऊ चाळीस. शालिग्रामने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ वीस झाले होते.

तो थांबला. दर दोन मिनिटांनी बटण दाबून म्हणायचा, “पास्काल, मी आहे. बोलत राहा.” आणि पास्काल बोलायचा. आईबद्दल, बुटात साचलेल्या रक्ताबद्दल, फ्रेंचमध्ये शिव्या, मध्येच रडणं. मधल्या वेळात शालिग्राम हातात माइक धरून नुसता बसून होता. साडेनऊला खालून शंखाचा आवाज आला. मालिका सुरू झाली. दोन मिनिटं झाली होती. त्याने बटण दाबलं.

खाली चाळीस जणांनी हात जोडले होते आणि देवाच्या मुखातून बेडूक बोलला.

पहिली वर आली भानुमती. तिने तो आवाज ओळखला होता. केस ओले, चेहरा लालेलाल. “अहो, साऱ्या मोहल्ल्यासमोर देवाच्या तोंडातून तुम्ही बोलून राहिले! बंद करा आधी! लोकं चिडून राहिले खाली!”

शालिग्रामने हेडफोन काढून तिच्या कानाला लावला. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“हा काहून रडून राहिला?”

“बुडून राहिला तो, भानू. दहा मिनिटं मले बोलू दे फक्त.”

 भानुमतीने दाराला कडी लावली, पिठाचा पत्र्याचा डबा ढकलत आणून दाराला टेकवला आणि त्यावर शिवणाचं मशीन चढवलं. जिन्यात पावलं वाजायला लागली होती.

“वैरागडे! बंद करो ये सब!” हा आवाज भय्यासाहेबांचा. कोपऱ्यावर त्यांचं किराण्याचं दुकान. टीव्हीपुढे पहिली जागा नेहमी त्यांची. “भगवान का अपमान करता है! खोल दरवाजा!”

दारावर लाथ बसली. शालिग्रामने बटण दाबलं, “पास्काल, मी आहे.” खालून गलका उठला, आणि जिन्यात अजून माणसं चढली. एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. कोणीही खालचा फ्यूज काढला असता तर सेट क्षणात मेला असता. पण त्याच फ्यूजवर टीव्ही होता, म्हणून ते कोणाला सुचलं नाही.

मग दगड आले. पहिल्याने काच फुटली, दुसरा नकाशावर बसला, तिसरा शालिग्रामच्या भुवईवर. रक्त वहीवर टपकलं. त्याने बाहीने पुसलं आणि पेन्सिल धरून ठेवली. घड्याळात नऊ सदतीस झाले होते. पास्काल ओरडला की पाणी टेबलाच्या कडेला लागलं. इकडे दाराची वरची फळी कडाडली, भेगेतून हात आत आला आणि कडी चाचपडू लागला. भानुमतीने लाटण्याने त्या हातावर तीन-चारदा हाणलं. हात गेला, त्या जागी भय्यासाहेबांचं डोकं आणि खांदा आला. आयुष्यात मुंगी मारायला कचरणाऱ्या बाईने स्टोव्हवरचं पातेलं उचललं आणि उकळतं पाणी त्या भेगेतून फेकलं. भय्यासाहेबांची किंकाळी चौकापर्यंत गेली असेल. जिन्यात माणसं एकमेकांवर कोसळली. “मार डाला रे! मार डाला!” आणि त्यानंतर जे दारावर तुटून पडले ते देवासाठी नव्हते आले, ते चामडी सोलायला आले होते.

नऊ एक्केचाळीस. “आला आकडा,” पास्काल म्हणाला. “अठ्ठेचाळीस अंश, एकतीस मिनिटं दक्षिण.” शालिग्रामने लिहिलं. “एकोणऐंशी अंश...”

आणि आवाज गेला. साधी खरखरही नाही, ठार शांतता.

शालिग्रामने वर बघितलं. फुटलेल्या खिडकीतून अँटेनाची तार आत येत होती, आणि बाहेरच्या पडवीच्या पत्र्यावर कोणीतरी उभं राहून ती ओढत होतं. खिडकीच्या चौकटीवर चार बोटं होती, तार त्यांच्यात गुंडाळलेली. ती बोटं त्याने ओळखली. नखांत कारखान्याचं काळं तेल, तर्जनीवर भाजल्याचा डाग. रोज संध्याकाळी त्याच्याच ताटाशेजारी पोळी मोडणारी बोटं.

“सोड!” शालिग्राम ओरडला.

“तूच सोड शाल्या! लोकं मारून टाकतील तुले! बाजूला हो, मी तोडतो हे!”

चिंतामणी त्याला वाचवायला आला होता. शालिग्रामला ते त्या क्षणी कळलंसुद्धा. पण कानात ठार शांतता होती आणि घड्याळाचा काटा पुढे जात होता. त्याने पेन्सिल दातांत धरली, सेटवरचा हातोडा उचलला आणि चौकटीवरच्या बोटांवर घातला. बोटं सुटली नाहीत. दुसरा घाव घातला. हाड फुटल्याचा आवाज त्याला नीट ऐकू आला. तिसऱ्या घावाला बोटं उघडली, बाहेर पत्र्यावर अंग आपटल्याचा धडाका झाला, शालिग्रामने तार पुन्हा सेटमध्ये खुपसली, आणि हेडफोनमध्ये पास्काल परत आला. तो तोच आकडा पुन्हा पुन्हा घोकत होता. एकोणऐंशी अंश, सत्तावन्न मिनिटं पूर्व. पेन्सिलीच्या रेघेवर, जबलपूरच्या थेट खाली.

शालिग्रामने ह्यूला हाक मारली, दोनदा आकडा सांगितला, आणि ह्यूने तो जसाच्या तसा परत म्हटला. “मिळाला, शाली. त्याला सांग, सहापर्यंत तग धर. मी येतोय.”

हे मात्र त्याला सांगता आलं नाही. दार बिजागरीसकट आत पडलं. त्याला केसांना धरून खुर्चीतून ओढलं, हेडफोनची वायर गळ्याभोवती आली. भानुमती मध्ये पडली तर तिला भिंतीवर ढकललं. लाथा, बुक्क्या, शिवणाच्या मशीनचा लाकडी पाट. कोणीतरी सेट दोन हातांनी डोक्यावर उचलला आणि जमिनीवर आपटला. आतल्या काचा फुटल्या. त्याबरोबर खालून बायकांचा आवाज आला, “आ गया! साफ आ गया!” चित्र स्वच्छ झालं होतं. उरलेला भाग चुकायला नको म्हणून अर्धे जण मारता मारता निघून गेले. बाकीचेही पाच मिनिटांत गेले. माणसाचा राग इतका स्वस्त असतो हे बघून थुंकावंसं वाटतं.

शालिग्राम उठला तेव्हा त्याचा एक डोळा मिटला होता. तो रांगत खिडकीशी गेला, पत्र्यावर उतरला. चिंतामणी हात छातीशी धरून बसला होता. तो ओरडत नव्हता. रडत मात्र होता. भानुमतीची साडी हाताला गुंडाळून दोघं सायकलरिक्षात बसून सरकारी दवाखान्यात गेले.  डॉक्टरांनी उजव्या हाताची दोन बोटं काढली आणि उरलेली नीट वळतील याचा भरवसा दिला नाही. लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

संध्याकाळी ठाण्यातून शिपाई दवाखान्यात आला. भय्यासाहेबांनी तक्रार दिली होती. त्यांच्या मानेवरची कातडी निघाली होती. चिंतामणीला विचारलं, हात कोणी फोडला. चिंतामणीने शालिग्रामकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, “खिड़की गिर गई ऊपर से, भैया। किसी ने कुछ नहीं किया।” आणि तो भिंतीकडे तोंड करून निजला.

शालिग्राम दोन दिवस खाटेशेजारी बसून होता. चिंतामणी त्याच्याशी बोलेना. भानुमतीने आणलेला डबा तो डाव्या हाताने खायचा, सांडायचा, शालिग्राम पुढे झाला की हात झटकायचा. शालिग्राम उठून जातही नव्हता. मांडीवर त्याने एक ट्रान्झिस्टर धरला होता आणि दर तासाला परदेशी स्टेशनची बातमी लावून कानाशी न्यायचा. पास्काल जगला की बुडला हे सांगणारं दुसरं काही त्याच्याकडे उरलं नव्हतं. त्याला झोप नव्हती. बोटं फोडून घेतलेला आकडा वाया गेला असेल तर काय, हा एकच विचार डोक्यात घण घालत होता.

मंगळवारी दुपारी ती बातमी आली. चार ओळींची. शर्यतीतल्या आघाडीच्या फ्रेंच नाविकाला त्याच्याच प्रतिस्पर्ध्याने दक्षिण महासागरात बुडत्या बोटीवरून उचललं, रविवारी सूर्यास्ताच्या जरा आधी, दोघेही सुखरूप. शालिग्रामने ट्रान्झिस्टर बंद केला आणि सगळ्या वॉर्डासमोर हमसून हमसून रडायला लागला.

चिंतामणीने मान वळवली. “कोण मेलं?”

“मेला नाही. वाचला.”

“कोण?”

आणि मग शालिग्रामने पहिल्यांदा सगळं सांगितलं. परवाना, साड्यांखाली ठेवलेला. एकाहत्तर साल. पास्काल आणि ह्यू, लाल टाचणी, निळी टाचणी. बोटीच्या कुशीवर आपटणारी डोलकाठी. उपग्रह डोक्यावर यायची वाट. तो बोलला आणि बोलतच राहिला, तेरा वर्षांत जेवढं बोलला नव्हता तेवढं अर्ध्या तासात. चिंतामणीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. हे त्याच्या बाबतीत नवलच होतं.

शेवटी तो म्हणाला, “मग मले काहून नाही सांगितलं?”

“वेळ कुठे होता, चिंतामणी?”

“किती वाजता कळलं तुले, तो बुडून राहिला म्हणून?”

“नऊ वीस.”

“आणि आकडा कधी आला?”

“नऊ एक्केचाळीस.”

“वीस मिनिटं होती तुझ्यापाशी,” चिंतामणी म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. पट्टी बांधलेला हात त्याने छातीवर ठेवला. “टीव्ही माझा होता ना बाप्पा. जिन्यात येऊन एक आवाज द्यायचा, चिंतामणी, माणूस मरून राहिला. मीच बंद केला असता. त्या भय्यासाहेबाला मीच धरून बसवला असता.”

शालिग्रामला माहीत होतं की हे खरं आहे. चिंतामणीने टीव्ही बंद केला असता, दारात आडवा उभा राहिला असता, आणि त्या आवाजापुढे मोहल्ल्यातला एकही माणूस वर चढला नसता. आठ हजार किलोमीटरवरच्या दोन माणसांशी तो वीस मिनिटं बोलत होता. खाली जायला चौदा पायऱ्या होत्या.